निळ्या सिलिंडरमधलं गाणं

भूलतज्ज्ञाला लोक फारसे प्रश्न विचारत नाहीत. टाके कधी काढायचे, अंघोळ कधी करायची, सगळं सर्जनला विचारतात. आमच्या वाट्याला ‘मध्येच जाग तर नाही ना येणार?’ एवढंच येतं. मात्र मी गाणं ऐकणारा माणूस आहे हे एकदा कळलं की आणखी एक प्रश्न हमखास येतो, तोही बहुधा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींकडून: लाफिंग गॅस घेतला की गाणं जास्त चांगलं ऐकू येतं म्हणतात, ते खरं का? त्याची जुळी शंका म्हणजे, त्यानं एकाग्रता वाढते का?

हे पुस्तक त्या दोन प्रश्नांभोवती फिरतं. ज्यांना तेवढ्यापुरतंच उत्तर हवं आहे त्यांना ते इथेच देऊन टाकतो. आवाज मोठा होतो, गाणं लहान होतं. एकाग्रता वाढल्यासारखी वाटते, कारण मन दुसरीकडे जायला लागणारी ताकदच उरलेली नसते. बाकीची पानं, हे असं का होतं, ते कोणी कसं शोधलं आणि त्यासाठी शरीराला काय मोजावं लागतं, यासाठी खर्ची पडली आहेत.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे नशा म्हटलं की भांग, गांजा, अफू, दारू सगळं एकाच पोत्यात भरतात. इथे ज्यांचा विचार आहे ती औषधं त्या कुळातली नाहीत. ती भूलशास्त्राच्या कपाटातली आहेत, आणि त्यांना डिसोसिएटिव्ह म्हणतात. माणूस झोपत नाही, पण शरीर, भोवताल आणि ‘मी’ यांच्यातले सांधे सैल पडतात. यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव केटामीनचं. अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करताना कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते १९६२ साली तयार केलं. १९६४ साली एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते मिशिगनमधल्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना पहिल्यांदा दिलं. आपण अवकाशात तरंगतोय, हातपाय आपले नाहीतच, असं त्यातले काही जण सांगू लागले. या अवस्थेला काय म्हणावं या विवंचनेत असलेल्या डॉमिनोंना ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द घरी त्यांच्या पत्नीनं सुचवला. पुढे आपल्या तालुक्याच्या गावांतल्या रुग्णालयांनी या औषधावर कितीतरी ऑपरेशनं पार पाडली. मोठं मशीन लागत नाही, रुग्णाचा श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब कोसळत नाही, हे त्याचे गुण. जिथे वीज जाते आणि सर्जन मात्र येऊन उभा असतो, तिथे त्यांची किंमत कळते.

पण कानाचा अभ्यास करायला केटामीन जरा दांडगं. त्यासाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅसच बरा. ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, हा निळा सिलिंडर स्वभावानं सौम्य आहे. एकट्या नायट्रसनं पूर्ण भूल आणायची तर श्वासातल्या हवेत तो १०४ टक्के असावा लागतो, म्हणजे नेहमीच्या वातावरणाच्या दाबाला ते गणितातच बसत नाही. म्हणून तो ऑक्सिजनबरोबर आणि सहसा दुसऱ्या भुलीच्या जोडीला देतात. एकटा दिला तर माणूस जागा राहतो, बोलतो, विचारलं तर उत्तर देतो. मास्क काढला की काही मिनिटांत पूर्वीसारखा होतो आणि काय काय झालं ते सांगूही शकतो. थोड्या वेळापुरता पलीकडे जाऊन परत येणारा साक्षीदार यापेक्षा सोयीचा मिळत नाही.

असे पहिले साक्षीदार १७९९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जमले. नायट्रस ऑक्साइड जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्येच वेगळा करून दाखवला होता, पण तो छातीत ओढून बघायची टूम निघाली ती थॉमस बेडोज या डॉक्टरच्या ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’मध्ये. निरनिराळे वायू हुंगवून क्षय बरा करता येईल अशी बेडोज यांची आशा होती. वाफेच्या इंजिनवाले जेम्स वॉट यांनी त्यांना उपकरणांचे आराखडे करून दिले. प्रयोगशाळा सांभाळायला कॉर्नवॉलमधून हम्फ्री डेव्ही नावाचा मुलगा आला. मुलगाच म्हणायचा, कारण त्यानं हा वायू स्वतःवर पहिल्यांदा आजमावला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. रेशमी पिशवीत वायू भरायचा, तोंड लावायचं, नाक दाबून धरायचं आणि मग जे वाटलं ते लिहून काढायचं, अशी पद्धत. डेव्हीनं हे स्वतःवर इतक्या वेळा केलं की आजची कुठलीही एथिक्स कमिटी त्याला दारात उभं करणार नाही. पण १८०० साली त्यानं काढलेला जाडजूड ग्रंथ आजही वाचावा असा आहे, कारण त्यात स्वतःबरोबर इतरांच्याही जबान्या आहेत. आणि त्या जबान्यांत संगीत सारखं डोकावतं.

छातीत आणि हातापायांत सुखद थरथर जाणवली, वस्तू झगमगू लागल्या आणि कान तिखट झाले, असं डेव्ही स्वतः लिहितो. कसं वाटलं असं विचारल्यावर एका रुग्णानं सांगितलं की आपणच हार्पचा नाद झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या एकाला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पूर्वी ऐकलेला हँडेलच्या ‘मेसाया’चा प्रचंड कोरस आठवला. कवी कोलरिज यानं आपली जबानी बरीच संयमानं लिहिली आहे. ऊब वाटली, हसू आलं, इथपर्यंत ती साधीच आहे. पण पाय जमिनीवर आपटणं आपल्याला आवरलं नाही, आणि आवरावंसं वाटलंही नाही, हेही तो नोंदवून ठेवतो. त्याचा मित्र सदी मात्र इतका हरखला की स्वर्गातली हवा याच वायूची असणार असं त्यानं भावाला पत्रातून कळवून टाकलं. बेडोज आणि डेव्ही अगदीच भाबडे नव्हते. कल्पनेचा भाग किती हे पाहायला त्यांनी काहींना न सांगता आधी साधी हवा दिली होती. डबलब्लाइंड चाचण्या यायला अजून दीडशे वर्षं होती, हे लक्षात घेतलं तर हा विचार मोठाच म्हणायचा.

या जबान्या पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली, आणि पुस्तकाचा पहिला भाग तिच्यावरच उभा आहे. हार्प झालेल्या माणसाच्या खोलीत हार्प वाजत नव्हता. ‘मेसाया’ आठवलेल्या माणसासमोर कोरस उभा नव्हता. वाजत काहीच नव्हतं. ही माणसं ‘गाणं चांगलं ऐकू आलं’ असं म्हणतच नाहीत. गाणं ऐकताना जे होतं ते गाण्याशिवाय झालं, असं त्यांचं म्हणणं आहे. वायूनं गाणं दिलं नाही, गाण्याची पावती दिली.

पुढच्या शतकात हाच अनुभव विचारवंतांच्या हाती पडला. अमेरिकेतल्या बेंजामिन पॉल ब्लड यांनी १८७४ साली भुलीतून होणाऱ्या साक्षात्कारावर एक पुस्तिका काढली. ती वाचून विल्यम जेम्स या मोठ्या मानसशास्त्रज्ञानं नायट्रस हुंगला. त्या धुंदीत विश्वातले सगळे विरोध मिटल्याचं त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं भराभर पानं लिहून काढली आणि शुद्धीवर आल्यावर वाचली, तर हाती निरर्थक शब्दांची वटवट. हे त्यानं १८८२ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात छापूनही टाकलं. ऑलिव्हर वेंडेल होम्स (वडील होम्स, चिरंजीव पुढे न्यायमूर्ती झाले) यांचा किस्सा ईथरचा आहे, पण जातकुळी तीच. विश्वाचं रहस्य आपल्याला उलगडलं अशा खात्रीनं त्यांनी कागदावर जे खरडलं, त्याचा मथितार्थ एवढाच निघाला की सगळीकडे टर्पेंटाइनचा उग्र वास सुटला आहे. जेम्सची कीव मात्र करू नये. त्यानं अनुभवाची थट्टा केली नाही. नेहमीची जागृती ही जाणिवेच्या अनेक प्रकारांपैकी एक आहे, एवढं आपल्याला त्यातून पटलं, असं त्यानं १९०२ च्या आपल्या धर्मानुभवावरच्या ग्रंथात लिहिलं. मला ते मान्य आहे. अर्थ कळल्याची भावना आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र त्याला जोडून म्हणायला हवं. एक बंद करून दुसरी चालू ठेवता येते.

कुठे बंद होते, हे कळायला १९८३ साल उजाडलं. लंडनमधल्या डेव्हिड लॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की केटामीन चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) अडवतं. नायट्रस ऑक्साइडही त्याच ग्राहकावर काम करतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. हा ग्राहक म्हणजे बँकेच्या लॉकरसारखं प्रकरण आहे. एक किल्ली बँकेची आणि एक आपली, दोन्ही एकाच वेळी फिरल्या तरच दार उघडतं. पेशीला निरोप येऊन पोचला पाहिजे आणि त्याच क्षणी ती पेशी आधीपासून जागी असली पाहिजे. नाहीतर मॅग्नेशियमचा एक कण दारात बसून राहतो. म्हणजे ‘हे आणि ते एकदमच घडलं’ याची नोंद घेणारं हे दार. आत्ताच्या गोष्टीचा मघाच्या गोष्टीशी संबंध जोडायचा तर मेंदूला ते लागतंच. नायट्रस आणि केटामीन त्याच दारात आडवे पडतात.

आता गाण्याकडे येऊ. १९७८ मध्ये फिनलंडच्या रिस्तो नाटानेन यांनी मेंदूच्या विद्युतलहरींतली एक खूण वर्णन केली, ती इथे फार उपयोगाची आहे. माणसाला पुस्तक वाचायला किंवा मूक चित्रपट बघायला बसवायचं आणि कानात सारखा एकच स्वर वाजवत राहायचं: टिं, टिं, टिं, टिं. मध्येच एखादा जरा वेगळा सोडायचा. माणसाचं लक्ष नसतं, त्याला विचारलं तर तो ‘काय वाजत होतं?’ म्हणेल. पण वेगळा स्वर आल्यावर दीडदोनशे मिलिसेकंदांत मेंदूच्या आलेखात एक खळगा पडतो. ‘हे मघासारखं नव्हतं’ असं मेंदू मालकाला न विचारता नोंदवून मोकळा होतो. १९९६ मध्ये माकडांवर आणि २००० मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की एनएमडीए अडवलं की हा खळगा उथळ होतो. माकडांच्या प्रयोगातली मजा अशी की स्वर मेंदूपर्यंत पोचल्याची पहिली लहर शाबूत होती. म्हणजे कान शाबूत, स्वर पोचलेला, फक्त तो वेगळा होता ही दखल गेलेली.

आपल्या बैठकीत याचा अर्थ काय होतो? विलंबित एकतालाचं एक आवर्तन सावकाश गायलं तर मिनिटभर चालतं. बारा मात्रांच्या त्या लांबलचक फेरीत गायक कुठेही भटकून येतो आणि आपण मनात ठेका धरून त्याची वाट बघत असतो. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तिथे मांडवात मागे बसून कधी गायकाऐवजी श्रोत्यांकडे बघा. समेच्या जरा आधीच माना उचलल्या जातात, हात वर जातात, आणि सम येते तेव्हा हजारो माणसं एकदम खाली येतात. तबलजीनं तिहाई अशी टाकली की ती एक मात्रा पुढे पडणार असं वाटावं आणि पडावी बरोबर समेवर, की ‘वाहवा’ निघते. ही सगळी दाद मघाच्या आणि आत्ताच्या जोडणीला असते. नुसत्या ‘धा’ ला कोणी दाद देत नाही.

मी भूल सांभाळत होतो अशा एका दाताच्या ऑपरेशनच्या वेळी हार्मोनियम वाजवणारे एक गृहस्थ खुर्चीत होते. अक्कलदाढ आडवी आलेली, भीती जबरदस्त. नाकावर मास्क, कानांत इअरफोन, त्यात त्यांच्याच पसंतीचा विलंबित ख्याल. मास्क लागून थोडा वेळ झाला तसा त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायचा थांबला आणि नुसता उघडा पडून राहिला. चेहऱ्यावर मात्र भलतंच समाधान. काम झाल्यावर मास्क काढला, शुद्ध ऑक्सिजन दिला, आणि ते बसते झाल्यावर मी विचारलं. तानपुरा असा आजवर कधी ऐकलाच नव्हता, म्हणाले. खर्जाच्या तारेतून आणखी पाचसहा स्वर निघताना दिसत होते. ‘दिसत’ हा शब्द त्यांचाच. मी विचारलं, अंतरा सुरू झाला होता का? आठवेना. सम कळत होती का? ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “डॉक्टर, प्रत्येक मात्रा समच वाटत होती.”

या पुस्तकाचं सार मला यापेक्षा नेमकं सांगता आलेलं नाही. बारा मात्रा बाराही समेच्या झाल्या तर ताल संपला. त्यांना जे ऐकू आलं ते खोटं नव्हतं. खर्जाच्या तारेत वरचे स्वर असतातच, जव्हारी लावलेली असते ती त्यासाठीच. एरवी आपण बंदिशीच्या मागे धावत असतो म्हणून ते ऐकत नाही. धावणंच थांबलं तेव्हा ते ऐकू आले. म्हणून नादाचा पोत, घुमारा, तीच तीच चाल, लांब धरलेला स्वर या गोष्टी या अवस्थेत फुलतात, आणि बढत, सवालजवाब, शब्दांची कोटी, रागातला एखादा निसटता आविर्भाव-तिरोभाव कोमेजून जातात. या वायूची आवड असणाऱ्यांना एकसुरी, ठोकत राहणारं संगीत का भावतं, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. ते संगीत हलकं आहे असं मी म्हणत नाही. त्याला आठवणीची गरज कमी लागते, एवढंच.

काही परिणामांशी मेंदूचा संबंधही नसतो. नायट्रस ऑक्साइड रक्तात नायट्रोजनपेक्षा सुमारे चौतीसपट जास्त विरघळतो. शरीरात जिथे बंद हवा असते तिथे तो झपाट्यानं शिरतो आणि तिथला नायट्रोजन तितक्या वेगानं बाहेर पडत नाही. कानाच्या पडद्यामागची पोकळी ही अशीच बंद खोली. तिथला दाब वाढतो, कान भरल्यासारखे वाटतात, आवाज आतून घुमल्यासारखे येतात. पडदा शिवायच्या ऑपरेशनात नवा पडदा बसवायच्या आधी नायट्रस बंद करतात तो याच कारणानं. घशाचंही तसंच. हेलियम हुंगल्यावर आवाज बदकासारखा होतो हे मुलांनाही माहीत असतं. नायट्रस हवेपेक्षा जड, त्यात ध्वनीचा वेग कमी, म्हणून आवाज उलट जाडा, ढाल्या होतो. स्वर तोच राहतो, बदलतो फक्त घशातला घुमारा. गाणाऱ्याला मात्र आपण खर्जात उतरलो असंच वाटेल. साक्षात्काराच्या पुष्कळ वर्णनांतला काही हिस्सा या साध्या भौतिकशास्त्राच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

आता एकाग्रता. तिच्याविषयी सगळ्यांत चांगलं काम १९५० च्या दशकात लंडनमध्ये हॅना स्टाइनबर्ग यांनी केलं. नायट्रसचा हलका डोस दिलेल्या स्वयंसेवकांकडून त्यांनी निरनिराळी कामं करून घेतली. डोक्याला जितका जास्त ताण देणारं काम, तितकी घसरण जास्त, असं त्यांना आढळलं. पण १९५७ मध्ये आर्थर समरफील्ड यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो. लोकांना आधी पाठांतर करायला लावलं आणि ते झाल्यावर वायू दिला. वायू मिळालेल्यांना पाठ केलेलं जास्त लक्षात राहिलं! वायूनं स्मरणशक्ती वाढवली म्हणून नव्हे. नंतरच्या वेळात नवं काहीच आत शिरू शकलं नाही, त्यामुळे आधी शिरलेल्याला कोणी धक्का लावला नाही, म्हणून.

खुर्चीतल्या त्या गृहस्थांची ‘एकाग्रता’ याच जातीची. डॉक्टरांचं ड्रिल, नर्सचं बोलणं, उद्याची चिंता, कशालाच आत वाव नव्हता. पण ते एकाग्र होते असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाईक नसलेल्या दुकानदाराला निवांत म्हणण्यापैकी आहे. रियाजाला बसलेल्या माणसाची एकाग्रता वेगळी असते. तो गंधार लावतो, तानपुऱ्याशी ताडून बघतो, केसभर चढा वाटला की उतरवतो, पुन्हा लावतो. ताडून बघणं आणि दुरुस्त करणं, यालाच रियाज म्हणतात, आणि वर सांगितलेला खळगा नेमकं हेच काम करतो. तो उथळ झाला की चूक होते आणि कळत नाही. वर आपण फार भारी वाजवलं असं वाटतं ते वेगळंच. तरुण वादकांनी मला ‘क्रिएटिव्हिटी’साठी म्हणून विचारलं की मी रेकॉर्डिंगची परीक्षा सुचवतो: ज्या अवस्थेत केलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकवत नाही, ती अवस्था उपयोगाची नाही. जेम्सनं आपली पानं शुद्धीत वाचली, तशी.

आमच्या धंद्यातल्या ऐकण्याचं एक उदाहरण पुस्तकात पुढे सविस्तर आलं आहे, इथे ओझरतं सांगतो. पल्स ऑक्सिमीटरचा बीप रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला की स्वरानं खाली येतो. पडद्याकडे पाठ असली, ओटीत गाणं लावलेलं असलं, सर्जन क्रिकेटवर बोलत असला, तरी तो अर्ध्या स्वराचा उतार भूलतज्ज्ञाच्या मानेवरचे केस उभे करतो. मेंदूतल्या त्या खळग्यावर आमचा व्यवसाय आणि तुमचा जीव चालतो.

उलट दिशेचाही एक प्रयोग होऊन गेला. १९६० च्या सुमारास अमेरिकेत दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि शास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर यांनी आवाजानं वेदना मारायचं यंत्र काढलं. हे तेच लिकलायडर, जे पुढे संगणकांचं जाळं विणण्याच्या कल्पनेचे जनक म्हणून ओळखले गेले. रुग्णाच्या कानांवर हेडफोन आणि हातात नियंत्रणाची पेटी. एक बटण संगीताचं, दुसरं धबधब्यासारख्या घोंगावणाऱ्या आवाजाचं. दुखू लागलं की रुग्णानं धबधबा वाढवायचा. ज्यांना पूर्वी नायट्रस लागायचा अशा पुष्कळ जणांचं काम नुसत्या आवाजावर भागलं, असा त्यांचा दावा होता. काही वर्षं हे यंत्र बरंच चाललं, मग अडगळीत गेलं. १९६३ मध्ये मेल्झॅक या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी नीट पडताळा घेतला तेव्हा दिसलं की नुसत्या आवाजानं काम होत नाही आणि नुसत्या ‘आता दुखणार नाही’ या बोलण्यानंही होत नाही. दोन्ही एकत्र असतील तरच माणूस वेदना जास्त वेळ सोसतो. आज नैराश्याच्या काही रुग्णांना देखरेखीखाली केटामीन देतात. त्याचंच भावंड असलेल्या एस्केटामीनच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, आणि तो घेतल्यावर किमान दोन तास दवाखान्यात बसावं लागतं. अशा वेळी अनेक ठिकाणी संगीत लावतात. ते रुग्णाला धीर देतं, यात शंका नाही. त्यापलीकडच्या जाहिराती वाचताना मला मेल्झॅकचा पडताळा आठवतो.

आता किंमत. ब्रिटनमध्ये संगीतमहोत्सव संपले की मैदानावर क्रीम फेटायच्या यंत्रातल्या बोटाएवढ्या चंदेरी नळकांड्यांचा खच पडलेला असायचा. फुग्यात वायू भरून हुंगायची ही फॅशन शेवटी कायद्यानं अडवावी लागली: नेदरलँड्सनं जानेवारी २०२३ मध्ये, ब्रिटननं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. फुग्यात ऑक्सिजन नसतो, हा झाला तात्काळ धोका. आमच्या मशीनवर ऑक्सिजन ठरावीक प्रमाणाखाली गेला तर नायट्रस वाढवताच येत नाही अशी सोय असते, फुग्याला ती नसते. दुसरा धोका सावकाश येतो. नायट्रस ऑक्साइड शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वातल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करून ते जीवनसत्त्व निकामी करतो. बी-१२ शिवाय मज्जारज्जूवरचं आवरण टिकत नाही. १९७८ साली रॉबर्ट लेझर या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा १५ रुग्णांची हकिगत छापली. त्यातले १४ जण दंतवैद्य होते, सिलिंडर हाताशी असणारे. तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, ही त्याची लक्षणं. केटामीनची सवय मूत्राशयाची वाट लावते. दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागतं, रक्त पडतं, आणि काहींचं मूत्राशय आक्रसून कायमचं लहान होतं. भारतात २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे औषधाच्या दुकानालाही त्याचा वेगळा परवाना आणि वेगळा हिशेब ठेवावा लागतो. या पुस्तकात कोणत्याही वायूची किंवा औषधाची मात्रा, मिळण्याची जागा किंवा घेण्याची रीत सापडणार नाही. ती शोधायला आलेल्यांनी पैसे वाचवावेत.

बी-१२ चा मुद्दा मराठी वाचकासाठी दूरचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या खेड्यातल्या आणि शहरातल्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण. म्हणजे ज्या वायूचा परिणाम भरपूर बी-१२ असलेल्या माणसावर सावकाश होतो, तो आपल्यापैकी अनेकांना लवकर गाठू शकतो. दवाखान्यात थोड्या वेळासाठी, ऑक्सिजनबरोबर दिलेल्या नायट्रसनं बहुतेकांना काही होत नाही, उगाच घाबरू नये. पण वर्षानुवर्षं शुद्ध शाकाहारी असाल, पायांना मुंग्या येत असतील किंवा बी-१२ कमी असल्याचा रिपोर्ट घरात पडून असेल, तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा ते त्यांना आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.